लेन्समध्ये बघू नका

बावीस वर्षं मी आकडे वाचले.
राजाराम बंधारा, त्रेचाळीस फूट चार इंच.
गालांवर पावडर, अंगात काठापदराचा ब्लाउज,
टेबलाखाली घरातल्या चपला.
शुक्रवार पेठेत आई तेव्हा
पिठाचा डबा माळ्यावर चढवत होती,
आणि शेजारीण सांगत होती,
वैजूनं आज रंग झकास घातलाय.

प्रॉम्प्टर अडकला की मी अडकायची.
त्या अडकण्यातलं काहीबाही
लाइटबिलांच्या पाठीवर लिहीत गेले.
पुस्तक झालं. तीनशे प्रती,
निम्म्या अजून पलंगाखाली.
पाणी वाढलं की आधी त्या उचलते.

मग हा सिनेमा.
भाड्याचा कॅमेरा, पहाटेची गंगावेस,
दत्तबा चौगले आणि त्यांची म्हैस.
म्हैस पहिल्याच टेकला पास.
दत्तबा मात्र दर खेपेला सरळ लेन्समध्ये.
"मामा, तिकडं बघायचं नाही.
तिथं कुणीच नाही, असं समजा."
"आसं कसं वो?
तुमी तर रोज सातला
सरळ आमच्याकडंच बघत हुतासा.
आमी जेवत असायचो.
आमची म्हातारी तर तुमास्नी म्हनायची,
या बाई, जेवाय."

कट म्हणायचं मला सुचलं नाही.
धार ग्लासात वाजत राहिली,
फेस काठावरून बोटांवर आला.

एडिटला सगळे म्हणतात, हा शॉट काढ,
माणूस कॅमेऱ्यात बघतोय.
बघू दे.
म्हातारी आता नाही,
आणि मी दर वेळी
नमस्कार म्हणून उठून गेले होते.