पाचातला एक

जवसाचं तेल मधासारखं दाट होईस्तोवर उकळलं,
त्यात चिमणीची काजळी खलली,
आणि दौलत सुतारानं दिलेल्या
मोडक्या रेंगीच्या सागवानी फळीवर
तुझा चेहरा कोरायला बसले.

तू आलीस तेव्हा दुपार कलली होती.
तिवशाच्या बाजारातून परतावं तशी, अनवाणी,
पदर खोचून दारात.
म्हणालीस, "नाक लांब केलंस व."

पोथीत नाकाचं काही नाही, मी म्हटलं,
सारे चंद्र अन् कमळं.
अन् चंद्र कोरायचा म्हणजे
तेवढं लाकूडच काढून टाकायचं.
"मंग राहू दे चंद्र.
मले तरी कुठं कामी पडला."

पाच कागद घेतले. यंत्र नाही,
वरणाच्या पळीची पाठ घासघासून ठसे उठवले
अन् सांदवाडीत दोरीवर टांगले.
चार हुबेहूब.
पाचव्याला कागद सरकला,
गालामागं दुसरी फिकट रेघ उमटली,
अन् माझ्या कपाळाचा थेंब पडला
तिथं शाई धरलीच नाही.

नागपूरचा माणूस म्हणतो, सारखे पाच पाहिजेत.
बिघडला तो फाडा.

तू दोरीखालून फिरलीस, एकेक कागद पाहत.
"पाच जण बसेल होते," म्हणालीस,
"सारके खांदे, सारक्या भुवया.
चौघांची पापणी लवे ना,
हारातलं फूल सुके ना,
पाय भुईले टेकत ना.
पाचव्याले सावली होती.
घाम फुटला होता त्याले.
भेला होता बिचारा."

आणि त्यालाच माळ घातलीस.
"मंग काय."

त्यानंच रानात तुझं अर्धं लुगडं कापलं,
तू झोपली असताना.
मला बोलायचं नव्हतं हे,
पण हातात पटाशी होती.

तू बराच वेळ शाईच्या वाटीत बोट फिरवत बसलीस.
पलीकडं सुभद्राबाईची शेळी ओरडत होती.
"देव नाही पळत," मग म्हणालीस,
"पळाले पाय टेकवा लागते."

नागपूरला मी एकच कागद पाठवला,
खाली पेन्सिलीनं १/१.
त्याचा फोन आला: अहो बाकीचे चार?
म्हटलं, उडून गेले.

रात्री फळी उलटी केली.
मागच्या बाजूनं एक सरळ काप काढायचा होता,
काठापासून काठापर्यंत,
झोपलेलीला कळू नये इतका हळू.
सागाच्या गाठीशी पटाशी अडली.
पुन्हा लावली. पुन्हा अडली.

त्याचा हात कुठंच अडला नव्हता का,
एवढं तुला विचारायचं राहून गेलं.