कापसाचा बोळा

दापूरच्या ठकूबाई सांगळेंची गाय, मोरी.
लघवी कोऱ्या चहासारखी, कान गरम.
कासेजवळून चिमट्यानं काढली ती गोचीड,
एरंडीच्या बीएवढी, तट्ट.
डॉक्टर म्हणाले, शीशीत ठेव.
मी कापसाचा बोळा लावला, चिठ्ठी चिकटवली:
सिन्नर, गाय, कास, मंगळवार.

स्लाइडवर मोरीच्या रक्ताच्या पेशीत
दोन-दोन जंतू, टोकाला टोक लावून,
शेंगदाण्याच्या उकललेल्या डाळीसारखे.

शुक्रवारी ती अंडी घालू लागली.
एकेक अंडं पोटाखालून यायचं,
ती मान खाली वाकवून त्याला मेण चोपडायची,
मग पुढचं.
दवाखाना बंद करायची वेळ टळून गेली, मी भिंगावरच.
पहिलटकरणीची आईही अंगडी-टोपडी
इतक्या निगुतीनं घडी करत नाही.

मेण उन्हापासून राखतं, पाण्यापासून राखतं.
जे मोरीच्या रक्तातून हिच्या पोटात,
पोटाची भिंत ओलांडून
अंड्यात आधीच जाऊन बसलंय,
त्यालाही राखतं.

अंडी अडीच-तीन हजार. कोण मोजणार.
आई मनुका झाली, मग मनुकेचं साल.

मोरी उठली. तिला इंजेक्शन लागू पडलं.
ठकूबाई औषधाची पावती न्यायला आल्या,
शीशी उजेडात धरून म्हणाल्या,
"यांनी तं अजून कोणालाच चावलं नाही ना?"
नाही.
"दूध नाही, काही नाही. मंग आईचं यांना आलं कुठून?"
मी अंड्याचं सांगितलं.
त्या बराच वेळ गप्प.
"माझ्या सासूची गाय पण अशीच गेली, लाल मुतून.
दावण तीच आहे. भिंतीच्या फटी पण त्याच.
परवा चूड लावून जाळल्या म्या.
पण खालचा थर दगडाचा, आत जाळ पोचत नाही."
पावती पदरात बांधली, बस धरायला गेल्या.

सोमवारी कुलूप काढलं
तर शीशीच्या काचेवर तिखटाची पूड सांडल्यासारखं.
पूड चालत होती.
सहा पायांची पिल्लं. उरलेले दोन पाय नंतर येतात.

मी शीशी जवळ घेतली, वाकून बघितलं.
माझा श्वास बोळ्यातून आत गेला असणार,
सगळी एकदम वर चढली,
पुढचे पाय हवेत उचलून
माझ्या तोंडाच्या दिशेनं.

डॉक्टर येईपर्यंत
मी मान वळवून श्वास घेत राहिले.