शेवटचा भाग

मी कुठल्याही मालिकेचा शेवटचा भाग बघत नाही.
हे मत नव्हे, नियम आहे.
मतं वेगळी. ती माझ्याकडे पोत्याने आहेत.
बफेलोत जानेवारीत दाराबाहेर कंबरभर बर्फ साचतो,
घरात बसून माणूस दुसरं काय पिकवणार?

तर, विनोदी मालिका बावीस मिनिटांचीच असावी.
पन्नास मिनिटं लागायला लागली
की समजावं, लेखकाला आता आपल्याला रडवायचंय.
आणि जिच्यातला सोफा नवाकोरा दिसतो
तिच्यावर विश्वास ठेवू नये.

ती बोलिंग अ‍ॅलीवाली होती बघा, सहा वर्षं चालली.
मालकीणबाई दर गुरुवारी रात्री भाड्याचे बूट मोजायची
आणि दर गुरुवारी एक डावा बूट कमी.
कोण नेतं, ते शेवटच्या भागात कळणार होतं.
त्या रात्री मी टीव्ही बंद करून भांडी घासली.
डोलोरेस म्हणाली, तुझं डोकं फिरलंय.
असेल.
पण माझ्यापुरती ती बाई अजून मोजतेय,
दिवे चालू आहेत,
पुढच्या गुरुवारी काहीही होऊ शकतं.

मॅचचं तसं नाही.
मॅच मी भोंगा वाजेपर्यंत बघतो,
सहा-शून्यने मार खात असलो तरी.
जे दुसऱ्या पिरियडनंतर गाडीचा हीटर लावायला पळतात
त्यांना मी फॅन म्हणत नाही, पाहुणे म्हणतो.
शेवटाची एवढी धास्ती, मग हा कसा चालतो?
डोलोरेस विचारते.
मी म्हणतो, हा शेवट कुणी लिहिलेला नसतो.
हे उत्तर सुचायला मला अकरा वर्षं लागली,
म्हणून ते मी जरा सावकाश म्हणतो.

आणि मग तिचा भाऊ, झिगी.
आयरीन मावशीला पुरून आलो होतो,
चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती.
झिगी माझ्या कानाशी वाकला. मला वाटलं, सांत्वन.
म्हणाला, "बूट तिच्या नवऱ्याने नेले. सगळे."

नवरा तर पहिल्याच वर्षी पळून गेला होता.
म्हणजे तो दर गुरुवारी परत येत होता.
हे मला कळायला नको होतं.
निदान असं तरी नको होतं,
तोंडात पिरोगी असताना.

चार वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही.
ख्रिसमसला मीठसुद्धा डोलोरेसमार्फत मागितलं.
लोक विचारतात, बुटांवरून?
हो. बुटांवरून.

काल रात्री टोरोंटोशी.
चार-एकवरून आपण चार-तीनवर आलो,
वीस सेकंद उरलेली, गोलकीपरसुद्धा बाहेर काढलेला,
आणि फोन वाजला.
झिगी आता टँपात असतो, उन्हात, चपला घालून.
"बघतोयस?"
"बघतोय."

त्याच्याकडे शिट्टी वाजली.
मग माझ्याकडे वाजली, तीच.
त्याचं चित्र माझ्या दोन सेकंद पुढे होतं.
मी म्हटलं, झालं. हा जन्माचा चोंबडा,
आता हा ओरडणार, आणि माझा शेवट
पुन्हा याच्याच तोंडून येणार.

त्याच्याकडचा आवाज एकदम बंद झाला.
टीव्ही मुका केला होता त्याने.
मग त्याचा श्वास अडकला. तेवढं ऐकू आलं.
आनंदाने अडकला की कशाने, ते काही कळेना.
एक.
दोन.

चकती खांबाला लागली.
टण्ण.
मग भोंगा.

आम्ही दोघंही गप्प.
माझ्या खिडकीबाहेर बर्फ काढायची गाडी येऊन गेली.
"हरलो," झिगी म्हणाला.
"दिसलं मला."
फोन कुणीच ठेवेना.
"काझ," तो म्हणाला, "ती बंदरावरची पोलिसवाली मालिका, तू अर्धवट सोडलीस ना, तिच्यात—"
"झिगी," मी म्हटलं,
"नको."