जबाबातला च

तिसऱ्या वर्षाचा प्रॅक्टिकल शंभर मार्कांचा:
अभिरूप न्यायालयाचे तीस, कोर्टाच्या वहीचे तीस,
पक्षकाराच्या मुलाखतीचे तीस,
तोंडीचे दहा, ते सर चेहरा बघून देतात.

वही कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडं छापील मिळते.
दिनांक, न्यायालय, प्रकरण क्रमांक, टप्पा, निरीक्षण.
निरीक्षणाला जागा दोन बोटं.
पहिल्या सात पानांवर माझं निरीक्षण एकच:
पुढील तारीख.
आठव्यावर, वकील गैरहजर, पुढील तारीख.

एप्रिल. सोलापुरात अकरालाच
सावली भिंतीला चिकटून उभी.
कामगार न्यायालयात शेवटच्या बाकावर
मी, ऋता उमराणीकर, आणि तिच्या डब्यातली शेंगाचटणी,
वास साहेबांपर्यंत जाऊ नये म्हणून
दोन पिशव्यांत बांधलेली.

पुकारा झाला: नरसम्मा वंगारी.
बिडी कामगार, बत्तीस वर्षं, फंडाचा वाद.
ठेकेदाराचं म्हणणं, ही बाई आमची नाहीच,
रजिस्टर बघा.
दुभाषी आजारी.
साहेबांनी मान वर केली: इथं तेलुगू कुणाला येतं?
ऋतानं माझा हात वर केला.

मी गड्डमांची. विडी घरकुलची.
पहिला शब्द बोलायच्या आधी
मला तंबाखूची शिंक आली होती.
शपथ घेतली: ती बोलेल तेवढंच सांगेन,
पदरचं काही घालणार नाही.
ओढणी सारखी केली. पदर नव्हताच.

उलटतपास कोरबू वकिलांचा, आवाज गोड.
दर शनिवारी पैसे मिळायचे ना?
मिळायचे.
दसऱ्याला साडी?
एकदा.
छाट वजा करून, पण मिळायचे ना?
मिळायचे.
म्हणजे ठेकेदार माणूस वाईट नाही?

नरसम्मानं माझ्याकडं बघितलं, साहेबांकडं नाही,
आणि म्हणाली:
वाडु मंचोडे.

आता हे आमच्या गल्लीत कसं म्हणतात ते सांगते.
हजारातल्या शंभर बिड्या छाट म्हणून बाजूला काढतो
आणि त्याच संध्याकाळी विकतो, त्याला म्हणतात.
नळावर म्हणतात, बादली जरा जोरात ठेवून.
माझी आई म्हणते, दोरा दातात धरून.
शब्दशः, तो चांगला.
शेवटी एक ए.
सगळं त्या ए मध्ये.

सूर भाषांतर करायचा का,
हे कुठल्याच पेपरला आलं नव्हतं.
पुरावा कायद्यात मला एकसष्ट.
पंखा दोनदा खटखटला.
मी म्हटलं,
तो माणूस चांगलाच आहे.

च वर देता येईल तितकं वजन दिलं.
साहेबांनी चष्मा पुसला, बहुतेक हसले.
टंकलेखकानं टाइप केलं:
ठेकेदार हा चांगला इसम आहे, हे म्हणणे खरे आहे.
नरसम्मानं खाली सही केली,
तेलुगूत, गोल गोल, सावकाश,
पत्ता कापावा तशी.

मधल्या सुट्टीत टंकलेखकाला गाठलं.
साहेब, एक च राहिला.
तो चहा ओतत होता बशीत.
च नं काय होतंय ताई,
अर्थ तोच की.

वहीत लिहिलं, साक्षीदाराच्या जबाबातून
एक च गाळला गेला, त्यामुळे
आणि दोन बोटं जागा संपली.
पुढचं समासात, आडवं, वही फिरवून वाचावं लागेल असं.
सरांनी फिरवली नाही.
लाल शाईत: असंबद्ध. टप्पा लिहा.
तीसपैकी एकोणीस.

रात्री आईला सांगितलं.
ती इतकी हसली की मांडीवरचं सूप कलंडलं,
तंबाखू फरशीभर.
चांगलाच, तिनं मराठीत म्हणून बघितलं,
चांगला च,
आणि दिवा खाली घेऊन
एकेक कण वेचायला बसली.

पुढील तारीख सतरा जून.
वही तोवर जमा झालेली असेल.
मी जाणार आहे.