तूट

पिंप भरायचं, पण काठोकाठ नाही.
गास्पारनं हे एकदाच सांगितलं होतं,
तेही ओदिलकडे पाठ करून, मेणबत्ती सरळ करत:
हवा पिणारच, तिचं तिला पिऊ द्यायचं.

डोंगर उतरून गेलं की सगळीकडे
पिंपं उघडून बघतात, तूट भरून काढतात.
इथे शातो-शालोंला
या एका वाइनची तूट भरत नाहीत.
ती वाढते. आणि तिच्यावर
साय धरते, पांढुरकी, सुरकुतलेली,
दूध नसताना, विस्तव नसताना.
तिच्याखाली सहा वर्षं, तीन महिने.
मध्ये चाखायला चमचाभरही काढायची नाही,
साय फाटते.

त्या वर्षी साव्हान्यांची द्राक्षं
ऑक्टोबर सरता सरता काढली,
बोटं बधिर, बुटांना निळी-राखी चिकणमाती
किलोकिलोनं.
चार पिंपं झाली.
नाताळाच्या आधी गास्पार गेला.

लोईक ल्याँहून आला, म्हणाला,
आई, आत्ताच विकून टाक, कशाला थांबतेस,
आणि हात सबंध घरावरून फिरवला.
ती म्हणाली, पिंपं हलवता येत नाहीत.
हे खरं होतं.
आणि सोयीचंही.

वर्षातून दोनदा पोलिन्यीचा माणूस
काचेची नळी घेऊन येई.
तिसऱ्या वर्षी चौथ्या पिंपाशी
जरा जास्तच वेळ वाकून राहिला,
मग टोपी काढली.
ओदिल म्हणाली, व्हिनेगर ना? टोपी घाला, गारठा आहे.
दोन वर्षं गल्लीभर सगळ्यांची कोशिंबीर आंबट होती,
कुणी तक्रार केली नाही.

आज फेब्रुवारी.
पहिली बाटली सकाळीच उघडून ठेवलीय,
फ्रिजमध्ये नाही, ओट्यावर,
लांबून आलेल्या माणसाला
आधी नुसतं बसू देतात तशी.
सुकी गुच्छी अळंबी भिजतेय,
तिचं पाणी टाकायचं नाही.
कोंबडी सायीत शिजतेय, ही दुधाची साय.
तीस महिन्यांचं कोंते चीज,
चावताना मधेच दाताखाली करकरतं,
आणि शेजारच्या मातुरँच्या झाडाचे अक्रोड.

रंग? हळदीचा नाही.
घासलेल्या पितळेवर
दुपार टेकते, तो.
चव आधी अक्रोडाच्या कडू सालीची,
मग फडताळात विसरलेल्या सफरचंदाची,
मग जिभेच्या कडेला खारट काहीतरी,
जणू या डोंगराला अजून आठवतं
की आपण कधीकाळी समुद्राच्या तळाशी होतो.
आणि गिळून झाल्यावर, बऱ्याच वेळानं,
एक चव येते जिला इथले लोक
खांदे उडवून करी म्हणतात.
तुम्ही असतात तर लगेच म्हणाला असतात:
मेथी. फोडणीत
करपता करपता वाचलेली.
टेबलाशी बसलेल्या कुणालाच हा शब्द माहीत नाही.

बाटली बुटकी, रुंद खांद्यांची.
लिटरभर ठेवलं तर सहा वर्षांनी
जेवढं उरतं, तेवढीच मावते तिच्यात.
लोईकची धाकटी विचारते,
बाकीचं कुणी प्यायलं?
हवेनं.
फुकट?
फुकट.
लोईक हसतो. मग हसायचा थांबतो.

सगळे तिच्याकडे बघतायत.
ओदिल पेला उजेडात धरते,
हुंगते, घोट घेते, तोंडात घोळवते,
डोळे मिटत नाही.
मग म्हणते, कोंबडीत मीठ कमी पडलंय,
आणि आणायला उठते.

मिठाची बरणी स्वयंपाकघरात.
ती तळघरात उतरते.
गेल्या ऑक्टोबरच्या पिंपावर
बोटाचं पेर आपटत बघते,
खालून वर,
कुठवर भरीव, कुठून पोकळ.

तळहाताएवढं पोकळ.
बरोबर आहे.

मीठ न घेताच वर येते.