चार बोटं खाली

दस्तगीर शिकलगारनं कानावरची पेन्सिल काढली,
म्हणाला, "लांबी बोला."
मिरजेच्या त्या शेडमध्ये
दोन पाण्याच्या टाक्या, अर्धं फाटक, एक बिनसाखळीचा झोपाळा
आणि मी, ज्याला फुटात काही सांगता येईना.
"नदी केवढी हाय तुमची?"
कुठल्या महिन्यातली, मी विचारलं.

श्रावणात म्हणशील तर दुधगावचं शिवार पुरत नाही तिला.
बंधाऱ्याला बर्गे घातले की गळ्याएवढी.
आणि बर्गे काढून पाणी गेलं की वारणा
कवठेपिरानच्या अंगाला अशी पसरते
की म्हशीचं पोटसुद्धा भिजत नाही.
म्हैस उभी राहते नुसती,
ओशाळल्यासारखी.

सोसायटीला एकदा मोठी आली होती.
फायबरची, निळी, बावीस फुटी,
मागं मोटर लावायला जागा.
नारळ फुटला, फोटो निघाला,
दुसऱ्या दिवशी ती खडकावर बसली
आणि आत बसलेल्या सहा जणांनी
खाली उतरून तिला घरी आणली.
म्हसोबाच्या मागं पडून आहे.
गोजाबाईची कोंबडी तिच्यात अंडी घालते.

भरमूनं उलटं केलं.
ट्रकच्या ट्यूबवर फळी बांधली,
दोन वर्षं पाय पाण्यात सोडून राजासारखा फिरला.
मग एक वाम मांडीवर आली, हातभर,
आणि ट्यूब, फळी, भरमू
यांच्यात वर कोण, खाली कोण
हे काठावरनं कुणालाच कळेना.
वाम गेली. जाळंही गेलं.

माझा बाप गुऱ्हाळातल्या जुन्या काहिलीतनं मासे धरायचा.
वल्हं मारलं की ती जागच्या जागी फिरायची.
पोचत नाही कुठं, तो म्हणायचा,
पण गाव चारी बाजूंनी बघून होतं.
बाजारात म्हणायचे, भोयाच्या माशाला गुळाचा वास येतो.
भाव मात्र तोच द्यायचे.

शेवटी सुगंधाला म्हटलं, चल.
चैत्र संपत आलेला. खाचा पाडलेला बांबू घेऊन
बंधाऱ्यापासनं डोहापर्यंत चाललो दोघं.
गुडघा. पोटरी. गुडघा. घोटा.
मी पाणी मोजत होतो.
ती मोजत होती कोरडं.
"तीन जाग्याला उचलाय लागंल," म्हणाली,
"तुम्ही फुडं, मी मागं.
मला पेलंल तेवढीच करा."

मग अंगणात बाज ठेवली.
वर पाटा. उचलली.
वर वरवंटा. उचलली.
वर गोजाबाईचा नातू बसवला, तो खिदळायला लागला,
सुगंधाचा चेहरा लाल झाला, "बास."
नातू उतरवला, त्याच्या जागी भरलेली कळशी.
"हां. एवढं."
सगळं भंगारवाल्याच्या काट्यावर नेलं.
कळशी वाटेत हिंदकळली, ते पाणी धरून
अठ्ठेचाळीस किलो.

दस्तगीरला म्हणालो, लांबी राहू दे, वजन लिही.
बूड परातीसारखं सपाट,
वीतभर पाण्यात तरंगलं पाहिजे.
एवढ्या वजनात जेवढी होईल तेवढी कर.
त्यानं भिंतीवर आकडे मांडले,
थुंकीनं पुसले, परत मांडले.
"अठरा गेजचा पत्रा. साडेआठ फूट.
मावणार किती?"
एक माणूस, एक जाळं, एक बादली.
"आणि वैनी?"
ती काठानं चालती.
तीन जाग्याला भेटती.

तो जरा वेळ काही बोलला नाही.
मग पत्र्यावर खडूनं फुली मारली,
"कड्या हितं लावू? दोन्हीकडं सारख्या?"
पुढची माझ्या हाताला, मी म्हणालो.
मागची चार बोटं खाली.

त्यानं स्वतःचीच चार बोटं पत्र्याला लावून बघितली,
फुली पुसली,
आणि खाली मारली.