पुढारपण

हडर्सफील्डहून मिनीबसनं दीड तास,
मग मॅलहॅमच्या अलीकडे एक दगडी हॉस्टेल,
दारात चिखलाचे सतरा जोड बूट.
माझे उसने, एक नंबर मोठे,
पुढे वर्तमानपत्राचा बोळा.

हिलरी ऑकरॉइडबाईंनी
भिंतीवर भलामोठा कागद चिकटवला:
लीडर म्हणजे कोण?
आणि प्रत्येकाला एकेक पिवळी चिठ्ठी.
कॅलमनं लिहिलं, ज्याला दूरचं दिसतं तो.
टुंडेनं लिहिलं, जो शेवटी जेवतो.
आयलानं नुसती मेंढी काढली, आम्ही हसलो.

माझी कोरी.
मला मराठीत सुचत होतं
आणि मराठीत सगळीच पंचाईत.
नेतृत्व हा शब्द बक्षीस समारंभातला,
हाराखाली घामेजलेला.
पुढारी म्हटलं की खळ घातलेला सदरा,
संपात सगळ्यांच्या आधी घरी जाणारा.
म्होरक्या तर थेट पोलीस चौकीतला.
आणि आई.
मी सात-आठ वर्षांची, गल्लीतल्या पोरांना
रांगेत उभं करून डबक्यावरून उड्या मारायला लावत होते,
तेव्हा खिडकीतून तिचा आवाज:
‘वैजे, पुढारपण करू नकोस!’
पासपोर्टबरोबर तेवढं वाक्यही
घेऊन आले होते, वाटतं.

चिठ्ठीची घडी घातली, खिशात.

दुसऱ्या दिवशी तळ्याकडे. सहाजण, एक नकाशा,
तो कॅलमच्या गळ्यात.
धुकं आलं ते बोलावल्यासारखं.
आधी मेंढ्या पुसल्या गेल्या,
मग ती कुंपणं, चुन्याशिवाय रचलेली,
दगडावर दगड, नुसता भरवशावर,
मग कॅलमचा लाल कोट.
मी सगळ्यांत मागे. मला मागेच बरं वाटतं,
तिथून सगळ्यांच्या पाठी दिसतात.
दिसेनाशा झाल्या तशा ऐकू येऊ लागल्या.

माझे बाबा जॉबर. इचलकरंजीत
अठ्ठेचाळीस मागांच्या खडखडाटात
चहा पिता पिता एकदम कप खाली ठेवतात:
‘एकवीस नंबर थांबला.’
कसं कळतं, विचारलं तर म्हणतात,
‘येणारा आवाज कुठं कळतोय?
गेलेला कळतोय.’

तसंच झालं. चिखलात पाच जोड बुटांची पचपच,
आणि मग चार.

‘थांबा!’
असंच ओरडले. मराठीत,
मागावरच्या पोराला ओरडतात तसं.
आणि गंमत म्हणजे सगळे थांबले.
डंडीचा कॅलम, लागोसचा टुंडे,
पुढे कुठेतरी शिट्टी वाजवत चाललेली ती दोघं जुळी.
अर्थ कुणी विचारला नाही.

आयला वीसेक पावलं मागे,
कुंपणाला टेकून, घोटा धरून, ओठ मिटून.
मी तिच्या जवळूनच गेले असणार.
हाक का नाही मारलीस?
‘तुम्हाला उशीर झाला असता.’
तिच्याही लहानपणी कुणीतरी
खिडकीतून ओरडलं असेल.

पुढे काही पराक्रम नाही.
टुंडेनं तिची सॅक घेतली,
कॅलमनं नकाशा काढून मुकाट्यानं माझ्या गळ्यात घातला.
तो मी उलटा धरलाय
हे दहा मिनिटांनी कळलं.

ऑकरॉइडबाईंच्या तक्त्यात
पुढाकार: पाचपैकी तीन.
प्रमाणपत्रावर माझ्या नावात एक अक्षर जास्त.
चिठ्ठी खिशातच भिजली, लगदा झाला.

रविवारी आईचा फोन.
‘काय शिकवलं गं?’
‘चालायला.’
‘त्याला एवढ्या लांब? आणि पुढारपण नाही ना केलंस?’
‘थोडंसं,’ म्हटलं. ‘मागून.’

ती गप्प. तिच्या पलीकडे रात्रपाळीचे माग,
मी उगाच मोजत राहिले.
‘मोजे ओले असतील,’ ती म्हणाली,
‘आधी काढ बघू ते.’